काय नाही

वाकडला, अकराव्या मजल्यावर,
मी पिशवीतून माकड काढते. कापडी,
एक डोळा शर्टाच्या बटणाचा.

रुईशिन पावणेचार वर्षांची.
बाप चाकणच्या कारखान्यात.
आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी,
जणू परीक्षा तिचीच.

ताटलीत पेरूची फोड, शेंगदाणे, अर्धी चकली.
मी माकडाबद्दल त्यांच्या भाषेत म्हणते,
यानं नाही खाल्लं शन्मे.

शन्मे म्हणजे काय?
शन्मे म्हणजे काय.

शेवट उचलला की प्रश्न : काय खायचं राहिलं?
सपाट सोडला की माकड उपाशी.
शब्द तेच, जागा तीच,
आवाजाला फक्त एक पायरी.

माझ्या तक्त्यात दोन रकाने.
तिला रकाने ठाऊक नाहीत.
सूर चढला की ती बोट ठेवते : चकली.
उतरला की माकडाच्या पोटावर हात फिरवते
आणि सगळंच त्याच्या शिवलेल्या तोंडात कोंबू बघते.
सातदा विचारलं. सातदा बरोबर.
आठव्यांदा कंटाळून तिनं माकडाला झोपवलं.

हिला कुणी शिकवलं?
मला तरी कुणी?
पर्वतीच्या पायथ्याशी, दोन खोल्यांत,
मी आईला विचारायचे, काय झालं?
ती पदर खोचत म्हणायची, काय नाही.
माझं काय घेऊन त्यातलं सगळं काढून
रिकामं परत द्यायची, घासलेल्या डब्यासारखं.
शाळेत प्रश्नार्थक शब्दाखाली रेघ मारायला सांगत.
आईच्या काय-खाली मारायची का,
हे मी बाईंना विचारलं नाही.

इथे फोन वाजला. रुईशिनची आई
खिडकीकडे तोंड करून बोलली, बराच वेळ,
मग नुसतीच ऐकत राहिली. खाली हायवे.
फोन ठेवल्यावर पोरीनं विचारलं,
शन्मे?

मेइ शन्मे.

सपाट. दुसऱ्या रकान्यातलं.
इतकं स्वच्छ उदाहरण
मला वर्षभरात मिळालं नव्हतं.

रुईशिन उठली.
माकडाच्या तोंडून पडलेली चकली शोधली,
तिच्यावर फुंकर मारली,
आईची मूठ सोडवली, बोट बोट करून,
आणि आत ठेवली.

तक्त्यात आठवी ओळ रिकामी होती.
तिथे लिहिलं :
चकली, अर्धी. आईला.