तहकूब सभा

सभेची वेळ पाच.
सव्वापाचला मोजले, अकरा.
लागतात पंचवीस.
म्हणून गणसंख्येअभावी सभा तहकूब,
आणि अर्ध्या तासाने, याच जागी, याच खुर्च्यांवर
तीच सभा परत,
जिच्यात मग डोकी मोजावी लागत नाहीत.

मधला अर्धा तास इतिवृत्तात येत नाही.
पंचवीस वर्षं मी इतिवृत्त लिहिते, म्हणून सांगते.

चहा आला. अकरा माणसांत आठ कप.
अध्यक्ष सरनोबत पंख्याखाली बसलेत,
पंखा जुनाच,
नवा गेल्या साली अंदाजपत्रकात फिरला, तेवढाच.
खजिनदार माणगावे ताळेबंद वाटतात.
झेरॉक्सची शाई फिकी पडलीय,
नेमकी जमेच्या बाजूला.

अनुदानाचा पहिला हप्ता आला दिवाळीनंतर.
दुसरा ‘येणे’ या रकान्यात मुक्कामाला आहे.
त्यातलं निम्मं पगाराला,
म्हणजे मी आणि शिपाई मालू आंबी.
उरलेल्यात वीज, झाडू, वाळवीचं औषध,
मासिकांची वर्गणी,
आणि काही राहिलंच तर पुस्तकं.

पंचगंगा उत्तरेश्वरात शिरली त्या साली
खालच्या दोन फळ्या चाळून गेली.
दोनशे बारा पुस्तकं फुगून बसलीत,
विटांसारखी, अजून कपाटात.
निर्लेखनाच्या ठरावाला दर वर्षी
सूचक मिळतो,
अनुमोदक तेवढ्यात चप्पल शोधायला जातो.

पलीकडच्या अभ्यासिकेत बेचाळीस पोरं,
पोलीस भरती, तलाठी, बँक.
गणसंख्या तिथं आहे, पण तिला मत नाही.
एकजण दार ढकलून म्हणाला,
“मॅडम, जरा हळू बोलायला सांगा की त्यांना.”
सांगितलं. अध्यक्ष ओशाळले.

पावणेसहा.
विषय क्रमांक सात.
तूट एकेचाळीस हजार तीनशे.
लेखापरीक्षकांचा शेरा:
दहा वर्षांत मागणी न झालेली सभासद अनामत
उत्पन्नात वर्ग करावी.
अडतीस हजार सातशे पन्नास.
खड्डा जवळजवळ बुजतोच.

मी कार्डांचा खण ओढला.
पुरापासून तो अर्ध्यावर अडतो,
हात वाकडा करून आत घालावा लागतो.
बाबालाल मुजावर, गवंडी,
अनामत पन्नास, चार वेळा मिळून भरलेली,
दहा, दहा, वीस, दहा.
सुलोचना पोवार. पत्ता खोडलेला, दुसरा लिहिलेला, तोही खोडलेला.
रखमाजी केसरकर, शाहू मिल, रात्रपाळी.
पाळी सुटली की हा माणूस
कापसाचे तंतू केसांत घेऊन दारात उभा,
म्हणून आधीच्या ग्रंथपालांनी वेळ सातची करून घेतली, ठराव करून.
मिल बंद पडली.
केसरकर गेले.
ठराव कुणी बदलला नाही, मी अजून सातलाच कुलूप काढते.

माणगाव्यांनी यादी वाचायला घेतली,
भराभर, वीजबिल वाचावं तशी.
एकशे नव्वदाच्या आसपास अडखळले.
चष्मा काढला, पुसला, घातला.
“भूपाल जिनाप्पा माणगावे,” म्हणाले,
आणि जरा वेळाने, कुणी विचारलं नसताना,
“आमचा बाबा.
मला म्हणायचा, पुस्तकं वाचून पोट भरतंय व्हय रं.
हितं कधी यायचा ह्यो?”

शनिवारी, मालू म्हणाला कप गोळा करता करता.
बाजार उरकून. कुस्तीची मासिकं न्यायचा.
अन् एकदा, पावसाळाभर, नुसत्या कविता.

सूचक? अध्यक्षांनी विचारलं.
माणगाव्यांनी कागदाची घडी केली,
मग घडीची घडी.
“ह्या साली राहू दे.”

मी लिहिलं,
विषय क्र. ७, पुढील सभेपर्यंत तहकूब.
तूट पुढे ओढली.
पन्नास रुपये देणे, भूपाल जिनाप्पा माणगावे यांना,
देणेच राहिले.

अभ्यासिकेतला पोरगा पुन्हा आला.
सभा संपली का, विचारायला नाही,
तिथली ट्यूब गेलीय म्हणून.
ट्यूबची तरतूद कुठल्या शीर्षाखाली, ते बघते.