काजीकडच्या गोलपाशी

शिरोड्याच्या मैदानावर चुन्याची रेघ मी मारतो.
सव्वीस वर्षं झाली.
दोर आमच्या विहिरीचा, डबा ऑइलपेंटचा,
तळाला खिळ्यानं पाडलेली अकरा भोकं.
क्लबाचे लोक म्हणतात, बुधोला खेळातलं कळत नाही.
नसेल कळत.
मला गवतातलं कळतं.

सलग चार कप आले, त्या वर्षांत
काजीकडच्या गोलपाशी डाव्या हाताला
गवताची काडी नव्हती.
लाल माती, वर टाचांचे खड्डे.
तिथं मिनीन यायचा परत,
पुढे चेंडू गमावून, अख्खं मैदान उलटं धावत,
स्वतःलाच शिव्या घालत,
आणि मागून दामू चारी त्यालाच शिव्या घालत.
विंगवरच्या माणसाचं तिथं काय काम होतं?
कोणी सांगितलं नव्हतं. तो यायचा.

रायतूरला एकदा हरलो, एक-शून्य.
परतीच्या फेरीत कोणी बोललं नाही.
आग्नेलानं बूट काढले, झुवारीत टाकले,
एक, आणि थोडा विचार करून दुसरा.
दुसऱ्या दिवशी पहाटे, पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी,
मैदानावर चौदा जण.
आग्नेल अनवाणी.

आता हरतो तेव्हा नीट हात मिळवतो.
खोटं नाही सांगत, पोरांना वाईट वाटतं,
पण धुऊन इस्त्री केल्यासारखं वाटतं.
क्लबाच्या भिंतीवर सगळ्यांची नावं रंगवली आहेत,
पिवळी, काळ्या किनारीची.
दामू म्हणतो, रंगवलेल्या नावाला
शिवी कशी घालायची, सांग?

सांतानच्या तावेर्नात कारणं पुष्कळ.
मास्तर कुवेतला गेला.
कायतानचा गुडघा.
मडगावच्या क्लबाचे पैसे.
कुणाची तरी दीठ लागली. त्यावर भटाकडे नारळ झाला,
पाद्रीकडे मेणबत्ती झाली,
दोघांनीही घेतलं, दोघंही मॅचला आले,
आणि आपण तीन खाल्ले.
एक कारण मला पटलं, तेही अर्धं:
समोरची पोरं आमच्या जुन्या मॅच
मोबाईलवर बघून येतात.
आमची पोरंही तेच बघतात.

यंदा रेघ मारायला गेलो
तर काजीकडच्या गोलपाशी, डाव्या हाताला,
लाजाळू.
घोट्याएवढी. गुलाबी गोंडे आलेले.
पानं सताड उघडी.
पाऊल लागलं की मिटणारी वेल ती,
दुपारच्या दोन वाजता, मॅचच्या आदल्या दिवशी,
अशी पसरून पडलेली,
जणू तिथून कोणी जात-येतच नाही.

सेक्रेटरी म्हणाला, काप, आमदार यायचे आहेत.
बाकीचं कापलं.
तेवढं ठेवलं. कोयता बोथट आहे म्हणालो.

संध्याकाळी पुरसो आला, आमचा गोली,
एकटाच, हातमोजे काखेत.
गोलच्या दांड्याला टेकून बराच वेळ उभा.
मग बुटाच्या टोकानं त्यानं पान हलवलं.
एक मिटलं, मग शेजारचं,
मग सगळी फांदी, माडाच्या सावलीसारखी सरकत.
काका, हे कधी उगवलं?
मी म्हटलं, चौथ्या कपानंतरच्या पावसात.
त्यानं मोजल्यासारखं केलं.
काही बोलला नाही. मोजे घातले, काढले.
गेला.

मी रेघ मारली.
दोर ताणला, डबा हलवला,
पेनल्टी बॉक्सची डावी बाजू लाजाळूवरूनच नेली.
मिटलेल्या पानांवर चुना पडला, पांढरा, सरळ.
सकाळी जाऊन बघितलं.
पानं उघडली होती.
रेघ तुटली होती तिथं, हातभर.