मळी

मिरजेच्या स्टेशनामागं, दुसऱ्या मजल्यावर,
चार नंबरच्या मशीनला
मंगळवारी आणि शनिवारी तातोबा येतात.
शिराळ्याहून पहाटेची एसटी,
पिशवीत टॉवेल, दोन भाकरी.

डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून दाखवलं होतं:
घेवड्याचे दोन दाणे, दोन नळ्या,
दिवसाला पावणेदोनशे लिटर गाळायचं,
दीड-दोन लिटर तेवढं बाहेर, बाकीचं परत रक्तात.
तातोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,
"म्हंजी मळी काढणारा गडी म्हणा की."

चाळीस वर्षं गुळव्या होता माणूस.
काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी मारायचं,
मळी वर येते, काळपट, हिरवट,
ती झाऱ्यानं उचलायची, हलक्या हातानं,
गोड तेवढं खाली राहू द्यायचं.
नजर हलली तर ढेप काळी.

नजर हलली नाही.
म्हणून पाणी प्यायला उठायचं नाही,
आडोशाला जायचं नाही,
आणि कंबर धरली की
मेडिकलातली पांढरी गोळी,
सकाळी एक, रात्री एक,
सतरा हंगाम, चिठ्ठीशिवाय.
"गूळ माझा सोन्यावानी निघायचा.
आतली काहील कवा करपली,
वाससुदिक आला न्हाई."

येत नाही वास.
बरगड्यांखाली, पाठीकडं, मुठीएवढे दोन गडी
अर्ध्याहून जास्त थकले
तरी हाक मारत नाहीत.

आता दिवसाचं पाणी चहाच्या कपानं.
शहाळं बंद, उसाचा रस बंद.
गुळाचा खडाही नको म्हटलं
तेव्हा मात्र हसले.

मी सुई लावते. डाव्या मनगटात
फिस्टुला घुमतो बोटाखाली,
लांब कुठंतरी चरक चालू असल्यासारखा.
चार तास तातोबा डोळे मिटत नाहीत.
मशीनकडं बघतात,
कारागीर कारागिराकडं बघतो तसं.
"काम करतंय," म्हणतात, "पर हात जड हाय."

आज साडेबाराला विचारलं,
"ताई, सकाळधरनं पाणी प्यालासा का?"

प्याले नव्हते.
सहा पेशंट, बाथरूम खालच्या मजल्यावर,
आणि ॲप्रनच्या खिशात डोकेदुखीची पट्टी,
दहातल्या तीन उरलेल्या.

बाटली शोधली.
त्यांच्यासमोर प्यायची लाज वाटली,
पाठ फिरवली.

"हिकडं तोंड करून प्या," तातोबा म्हणाले,
"बघू तरी द्या."