सोंड्या

पहाटे साडेचार. समाइल.
फलजचं पाणी आता खल्फानच्या पाळीचं,
घड्याळ न बघता त्याला कळतं.
चौदा नंबरच्या खजुरीला खिळ्याएवढं भोक पाडून
मी सुई आत सरकवते, हेडफोन चढवते
आणि मोइनुद्दीनला खुणावते, फावडं थांबव.

आधी पाणी. मग अजान.
मग मस्कतच्या रस्त्यावरचा ट्रक,
झाडाच्या पोटातून जात असावा तसा.
मग काहीच नाही.
मग ते.

कच्चे पोहे तोंड मिटून चावावेत
तसं.
पाय नसलेली अळी, अंगठ्याएवढी,
उजेड कधी न पाहिलेली.
मिनिटाला बावीस घास. वहीत लिहिते: बावीस.

बाहेरून झाड ठणठणीत. घोसांनी वाकलेलं.
"माझ्या बहिणीच्या जन्माला लावलंय," खल्फान सांगतो,
"ती आजी झाली, तिचे गुडघे गेले.
ह्याला तर गुडघेही नाहीत."
मी हेडफोन त्याच्या हातात देते.
तो ऐकतो. बराच वेळ.
"पाणी पितंय झाड."
मी मान हलवते.
पुन्हा ऐकतो. मग हेडफोन काढून
डोक्यावरचा मसर नीट करत राहतो,
नीटच असलेला.

"आला कुठून हा?"
विचारणार, हे मला ठाऊक होतं.
"आमच्याकडून."
कुणाच्या तरी रोपाच्या बुंध्यात झोपून, शिक्क्याशिवाय.
"बायकामुलांनाही घेऊन आला," खल्फान म्हणतो,
"मोइनुद्दीनला अकरा वर्षांत जमलं नाही ते."
मोइनुद्दीन हसतो, मग हसत नाही.

आमच्याकडे ह्याला सोंड्या म्हणतात.
गुहागरला आमच्या वाडीतल्या माडाचा शेंडा कलला,
बाबांनी कोयता घातला, तर आत आंबूस वास
आणि काथ्याचे कोश, सुंभ वळावं तसे वळलेले.
मी सात वर्षांची. एक खिशात टाकला.
त्या खिशातूनच मी इथवर आले असेन.

वाडी म्हणजे काय, तो विचारतो.
झाडं, विहीर, सावली.
"आमची वादी म्हणजे कोरडी नदी.
पाणी येतं तेव्हा माणसं वाहून जातात."
आम्ही दोघं थोडा वेळ
त्या एका अक्षराच्या दोन काठांवर बसून राहतो.

सात वाजता सापळे.
बादलीत नराच्या वासाची पुडी, कुजका खजूर, पाणी.
वास त्याचा, पण येतात जास्त त्याच.
गुळगुळीत सोंड ती मादी, सोंडेवर केसांचा ब्रश तो नर.
मंगळवार: अकरा माद्या, चार नर.
चिमट्यानं ओळीत मांडताना, खरं सांगते,
मला त्यांचा रंग आवडतो.
ओल्या जांभ्याचा रंग.
हे अहवालात येत नाही.
अहवालात येतं: चौदा, तोडावी.

खल्फान पंधरा दिवस मागतो.
मी खोडात औषध भरते, घोस उतरवायला लावते,
पंधराव्या पहाटे पुन्हा सुई.
पाणी. अजान. ट्रक.
मग काहीच नाही.
मग
काहीच नाही.
अळी मेली, की कोशात शिरली?
दोन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात.
वहीत मी प्रश्नचिन्ह काढते,
तेही सोंडेसारखंच वाकडं.

संध्याकाळी मजलिसमध्ये कहवा.
ताटात फर्द, नऊ नंबरच्या झाडाचा, गेल्या वर्षीचा.
मी एक उचलते, सवयीनं फोडते,
दिव्याखाली धरून बी काढून आत बघते.
खल्फान बघत असतो मला.
पाहुण्यानं असं करू नये, हे लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला.

तो ताटातला दुसरा खजूर उचलतो,
कानाला लावतो, डोळे मिटतो.
मजलिस गप्प.
फिंजान हातात धरून सगळे थांबलेले.

"खा," तो म्हणतो.
"आत कुणी नाही."