उतारा

दिराचं म्हणणं साधं होतं,
"वैनी, नाव कशाला? खातेस तर आहेसच की."
तसा तो वाईट माणूस नव्हे. बांधावरून बोलला,
हातात माझ्याच शेतातली दोन रताळी.

बेकिनकेऱ्याच्या तांबड्या मातीत
चौदा हंगाम वेल लावले मी.
काढणीला गड्याचा रोज पाचशे, बाईचा अडीचशे,
आणि घरच्या सुनेला वर खोकला.

वेशीवरचा फलक कुठल्या भाषेत असावा
यावरून आमच्यात मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या.
भरमाणीच्या कपाळावर तीन टाके,
शेवटच्या दिवशीसुद्धा दिसत होते.
चिंधी मीच बांधली होती.
तेव्हा सुचलं नाही विचारायला,
माझं नाव कुठल्याच भाषेत कुठंच नाही,
त्याचा मोर्चा कधी?

तो गेला, वर्ष सरलं, मग मी निघाले.
कंडक्टरनं शून्याचं तिकीट दिलं.
मागून कुणी पुटपुटला, "बायकांनीच भरली बस."
खिडकी तीन, मग खिडकी पाच, मग जेवणाची सुट्टी.
नाळे बा म्हणजे उद्या ये,
एवढं कन्नड मला तिथंच आलं.
आठव्या खेपेला कागद.

घरी येऊन पदराखालून काढला.
अक्षरं गोल, एकाला एक लटकलेली,
वेल उपटल्यावर मुळाशी निघतात तशी.
मला त्यातलं एक ओळखेना.
मनाली सातवीत, कन्नड शाळेत.
बोट ठेवून वाचलं तिनं:
यशोधा भरमाणी हुंदरे.
मग थांबली.
"आई, द च्या जागी ध पडलाय गे."

सासू उंबऱ्यात लसूण सोलत होती.
पंच्याहत्तर वर्षं, आणि पेन्शनच्या कागदावर अंगठा.
"माझं कसं दिसतंय त्यात?"
मनालीनं तांब्यात बोट बुडवून
फरशीवर लिहिलं: तुळसाक्का.
म्हातारी वाळेपर्यंत बघत राहिली.
लसणाची साल उडून त्यावर बसली, ती फुंकली.
"परत लिही," म्हणाली.

सोमवारी आठ-दहाची बस.
बाईनं ध चा मा केला,
ही गोष्ट अख्ख्या गावाला पाठ.
मला नुसता ध चा द करून पाहिजे.
तुळसाक्का विचारते,
"शून्याच्या तिकिटाला
म्हातारी चालते काय?"