रिकामी सुई

शनिवारी चुकारा होतो.
मुनीम उचल कापतो, टेम्पोचं भाडं कापतो,
फुटलेल्या क्यारेटचे तीस कापतो, कोणी फोडलं ते न विचारता.
पण या सगळ्याच्या आधी
माणशी वीस रुपये बिस्किटाच्या डब्यात पडतात.
हे आम्ही भांडून घेतलं, मागच्या आंबिया बहारात,
दोन दिवस संत्र्याला हात न लावता.

हातात आला की पैसा घरचा होतो.
त्याला नवरा असतो, दीर असतो, रिचार्ज असतो,
मामेसासूच्या नातीचं बारसं असतं.
हात लागायच्या आधी
पैशाला कोणी नातेवाईक नसतात.
डब्यावर मीच खडूनं लिहिलं: दुखण्याचे.

रजिस्टर माझ्याकडे, दहावी झाली म्हणून.
नियम पहिल्या पानावर:
डॉक्टर, गोळी, तपासणी, दवाखान्याची एसटी.
चष्मा सुचला नव्हता, तो नंतर समासात बसवला.

देवकाबाई ढोकेंचा उजवा खांदा
तीन बहार झाले, आखडलेला.
वेणी सून घालायची, घाईत, वाकडी.
त्या सहा मंगळवार वरूडला गेल्या,
कृषी केंद्राच्या माडीवर, खताच्या वासात,
लिखार मॅडमकडे, ज्या सुया टोचतात.
आणि अडीचशे गुणिले सहाची पावती
पदरानं पुसून माझ्यापुढं ठेवली.

सभा देवळामागच्या ओट्यावर.
शोभा कुमरे म्हणाली, "सुईत औषध कोणतं होतं?"
"काईच नोतं."
"रिकामी?"
"तिले भोकच नसते व. केसावानी बारीक."
"मंग पैसे कायचे?"
"टोचाचे."
"बगीच्यात मले रोज काटे टोचते,
माहे बी मांडा," मागून कोणीतरी.
"खांद्याले टोचल्या?"
"नाई. गुडघ्याच्या खाली."
आता हसू आवरेना कोणाला.
देवकाबाईही हसल्या. "मले बी पटलं नोतं," म्हणाल्या.

मी नियम वाचला.
डॉक्टर: हो. गोळी: नाही.
तपासणी: जीभ पाहिली, नाडी पाहिली. अर्धी धरू?
सुगराबी म्हणाली, "माह्या मायच्या दाढेवर
एक बाबा फुंकर मारे, सव्वा रुपया घे.
आज सुई मांडसान, उद्या फुंकर मांडा."
हे खरं होतं. कोणी बोललं नाही.
दीड हजार म्हणजे विसाच्या पंच्याहत्तर नोटा,
आणि सखूच्या पोटाची सोनोग्राफी अजून बाकी.

हात वर करा, मी म्हटलं.
मोजत होते. पाच. सहा.
तेव्हा देवकाबाईंचा हात निघाला,
कमरेपासून, सावकाश,
क्यारेट उचलावं तसा दात चावून,
खांद्याच्या वर आला, कानाशी थांबला.
तिथून पुढं जाईना. बांगड्या थरथरत होत्या.

"ज्याचा खर्च त्याले मत नाई," मी म्हटलं.
नियमच होता, माझ्याच अक्षरातला.
"मत नाई देऊन रायली मी," त्या म्हणाल्या,
"दाखवून रायली."

शोभानं नीट पाहिलं, भाव करताना
संत्र्याचं देठ पाहते तसं.
"पुरा नाई गेला."
"चार मंगळवार बाकी हायत."

सात बाजूनं, चार विरुद्ध.
सुगराबीचा हात मांडीवरच होता,
पण तळवा वर. तो मी कुठंच धरला नाही.
पुढच्या चार मंगळवारांचं काही ठरलं नाही.

रात्री बल्बखाली नोंद केली.
समासात, चष्म्याच्या खाली: सुई.
मग नगाचा रकाना आला. सकाळी विचारलं, किती टोचल्या?
"मोजल्या नाई बापा," देवकाबाई म्हणाल्या,
"डोये मिटून पडून रायचं असते वीस मिनटं.
कोनी हाक मारत नाई."

रकाना अजून कोरा आहे.