घरातलं नाव

धान केंद्राच्या फाटकाशी काटा.
तिथल्या कॉम्प्युटरचा पत्ता
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, सात.
सोमवारी त्याच पत्त्याचा शिक्का घेऊन
एक मेल आला, लॉटरी लागली म्हणे.
चिडून मी सात नंबर काळ्या यादीत टाकला.

तीन दिवस एक पावती नाही.
वनमाला उईके फाटकावरून ओरडली,
"का जी, माह्या काट्याचं वजन कुठी गेलं?"

अन् मग डोक्यात आलं.
सिंदेवाहीत कोणी म्हणालं, बापूनं कोंबडी नेली,
तर कोणता बापू?
घरोघरी एक आहे.
घरातल्या हाकेवर पोलीस पाटील
पंचनामा करत नाही.

यादी पुसली.
आता फक्त विचारतो,
आमच्या दारात आणून कोणी टाकलं?

सात नंबर बोलतोय पुन्हा:
बेचाळीस किलो, ओल सतरा.